दास्यमुक्तांचा कलाश्रय : मलिक अंबर आणि दख्खनमधील हबशी

१

कलेचा आश्रयदाता म्हटले की राजा, सरदार, धर्मपीठ किंवा धनिक श्रेष्ठी यांचीच मूर्ती अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. ज्याची एके काळी बाजारात किंमत ठरली, ज्याला स्वतःचे कुळ सांगता येत नव्हते आणि ज्याचे नावसुद्धा धन्याने ठेवलेले होते, असा मनुष्य मुक्त झाल्यावर देवालये, कबरी, जलवाहिन्या व नगरे उभारतो, ही घटना त्या मूर्तीत सहजासहजी बसत नाही. तथापि इतिहासात असे आश्रयदाते तुरळक नाहीत. प्राचीन रोममध्ये त्यांचा एक मोठा वर्गच होता, आणि महाराष्ट्राच्या इतिहासातही त्यांची परंपरा आढळते. या दोहोंची तुलना केली असता दास्यमुक्ताने दगडावर व रंगावर केलेल्या खर्चामागील प्रेरणा अधिक स्पष्ट होते.

रोमन कायद्यानुसार नागरिकाने रीतसर मुक्त केलेला दास स्वतः नागरिक होत असे. मुक्त झाल्यावर तो जुन्या धन्याचे कुलनाम धारण करी व आपले दास्यातील नाव त्याच्या शेवटी जोडी. त्याच्यावर जुन्या धन्याविषयीच्या आदराचे व सेवेचे बंधन राही. शिवाय इ. स. २४ च्या कायद्याने नगरांतील अधिकारपदे त्याला बंद झाली. धन मिळविण्यास मुभा, परंतु मानाच्या पदास मज्जाव, अशी ही अवस्था होती. त्याचा मुलगा मात्र जन्मतः स्वतंत्र असल्याने त्याला ही आडकाठी नव्हती.

पाँपेई येथील इसिस देवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. इ. स. ६२ च्या भूकंपात हे मंदिर कोसळले. ते पायापासून पुन्हा बांधले गेले, आणि दारावरील शिलालेखात त्याचे श्रेय न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनस याला देण्यात आले. या औदार्याबद्दल नगरसभेने त्याला आपल्यांत सामावून घेतले, असेही लेख सांगतो. त्या वेळी सेल्सिनसचे वय अवघे सहा वर्षांचे होते. खर्च अर्थातच त्याचा पिता अँप्लिआटस याचा असला पाहिजे. हा अँप्लिआटस मुक्त दास होता, असे अभ्यासक मानतात. स्वतःला न मिळणारे आसन त्याने मंदिराच्या मोलाने मुलाला मिळवून दिले. याच नगरातील वेट्टी बंधूंचे चित्रांनी भरलेले घर आणि रोमच्या वेशीजवळील युरिसासेस या भटारखानेवाल्याची कबर हीही बहुधा दास्यमुक्तांचीच निर्मिती होय. त्या कबरीवर पीठ दळण्यापासून भाकरी तोलण्यापर्यंतची सर्व कामे कोरलेली आहेत. मालकाने आपला धंदा लपविला नाही. तोच त्याने आपल्या कुळाच्या जागी मांडला.

या वर्गाचे साहित्यातील चित्र मात्र वेगळे आहे. पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मधील त्रिमाल्किओ हा मुक्त दास अतिश्रीमंत, बडेजावखोर आणि अर्धवट शिकलेला आहे, भोजनाच्या वेळी तो आपल्या कबरीवर काय काय कोरावे याच्या सूचना पाहुण्यांसमक्ष देतो. पुढील कित्येक विद्वानांनी दास्यमुक्तांच्या कलेकडे याच चष्म्यातून पाहिले व तिला उथळ अनुकरण ठरविले. परंतु त्रिमाल्किओ ही उच्चभ्रू लेखकाने रचलेली व्यक्ती आहे; अँप्लिआटस आणि युरिसासेस यांनी मागे दगड ठेवले आहेत. धन्यांच्या वर्गाची लेखणी आणि दास्यमुक्तांचे दगड ही दोन साधने एकमेकांशी नेहमीच जुळत नाहीत. हाच विरोध सोळाशे वर्षांनंतर दख्खनमध्ये पुन्हा दिसून येतो.

२

दख्खनच्या सुलतानांना आफ्रिकेतून आणलेल्या हबशी गुलामांचा पुरवठा अरबी समुद्राच्या व्यापारातून होत असे. कोकणपट्टीतील चौल, दाभोळ इत्यादी बंदरे आणि घाटावरील राजधान्या यांना जोडणाऱ्या अनेक वाटा होत्या. पनवेलहून कोन गावावरून बोरघाटाकडे जाणारी वाट ही त्यांपैकीच एक. या व्यापारात माणूस हाही माल होता. मात्र येथे आलेल्या हबश्यांचे मुख्य काम शेतमळ्यांवरील राबणुकीचे नव्हते. सुलतानांना व सरदारांना विश्वासू शिपाई हवे होते. स्थानिक भाऊबंदकी, वतन आणि सोयरीक यांचे पाश नसलेला परका गुलाम धन्याशी अधिक एकनिष्ठ राहील, असा त्यामागे हिशेब होता. कुळाचा अभाव हाच त्याचा गुण ठरला.

या गुलामांची नावेही विचार करण्यासारखी आहेत. अंबर, संदल, रैहान, याकूत, काफूर ही नावे सुगंधी द्रव्यांची, वनस्पतींची किंवा रत्नांची आहेत. ती आईबापांनी ठेवलेली नसून धन्यांनी ठेवलेली आहेत. रोममध्येही कन्व्हिवा म्हणजे भोजनाचा सोबती, अशा स्वरूपाची नावे दासांना मिळत. इस्लामी धर्मशास्त्रात गुलामास मुक्त करणे पुण्यकर्म मानले आहे. तथापि मुक्त करणारा व मुक्त झालेला यांच्यात ‘वला’ नावाचा संबंध पुढेही टिकून राही. रोमन कायद्यातील जुन्या धन्याच्या नात्याशी त्याचे साम्य उघड आहे. भेद एवढाच की, दख्खनमध्ये मुक्त गुलामाच्या अधिकारपदावर कायद्याची मर्यादा नव्हती. तो किल्लेदार, सेनापती किंवा पेशवाही होऊ शकत असे.

मलिक अंबर याचे चरित्र या व्यवस्थेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्याचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगतात. लहानपणीच तो विकला गेला व तांबड्या समुद्राच्या बाजारांतून बगदादकडे पोचला. तेथील मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याला शिक्षण दिले आणि ‘अंबर’ हे नावही दिले. पुढे त्याला दख्खनमध्ये आणून निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याला विकण्यात आले. चंगीझखान हा स्वतः पूर्वीचा हबशी गुलाम होता, आणि त्याच्यापाशी सुमारे एक हजार हबशी गुलाम असल्याचे सांगितले जाते. म्हणजे अंबराचा धनी हाच त्याच्यापुढील पहिला नमुना होता. इ. स. १५७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले.

त्यानंतर सुमारे वीस वर्षे तो स्वतंत्र शिपाई म्हणून विजापूर व इतर ठिकाणी चाकरी करीत राहिला. इ. स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा निजामशाही संपली असे सर्वांस वाटले. अंबराने निजामशाही घराण्यातील एका राजपुत्रास परांडा येथे गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि राज्याची सूत्रे हाती घेतली. राजधानी परांड्याहून जुन्नरला व तेथून दौलताबादेस गेली. इ. स. १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने अकबर व जहांगीर यांच्या फौजांना दख्खनमध्ये स्थिर होऊ दिले नाही. या कामी मराठा सरदारांचे साहाय्य त्याला मोलाचे ठरले, इ. स. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही त्याचा उल्लेख गौरवाने आलेला आहे. तरीही तो स्वतः सुलतान झाला नाही. नाणे व खुतबा निजामशहाच्याच नावाने चालू राहिले. कायद्याने नसली तरी कुळाने घातलेली ही मर्यादा होती, आणि ती त्याने ओलांडली नाही.

३

गादी ज्याला मिळू शकत नाही, त्याने स्वतःचे नाव कोठे ठेवावे? अंबराचे उत्तर खडकी हे होय. दौलताबादेच्या जवळ असलेल्या या लहान वस्तीच्या जागी त्याने इ. स. १६१० च्या सुमारास नवे नगर वसविले. हेच पुढील काळातील औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. येथे अंबराचा नौखंडा महाल होता, आणि येथील जुन्या मशिदींपैकी काळी मशीद त्याची म्हणून प्रसिद्ध आहे. जामा मशिदीचा प्रारंभही त्यानेच केला. पुढे औरंगजेबाने तिचा विस्तार केला. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ इ. स. १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा हा त्याच्या आश्रयाखालील वास्तूंत आजही सर्वांस दिसणारा अवशेष होय. त्याच्या उंच कमानींखालून शहराची रहदारी दीर्घ काळ चालत आली आहे.

परंतु त्याची सर्वांत महत्त्वाची निर्मिती जमिनीखाली आहे. खडकीला पाणी कमी होते. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी एकत्र करून, भुयारी कालव्याने ते उताराच्या आधारे शहरात आणण्याची योजना अंबराने सिद्धीस नेली. इराण व पश्चिम आशियात परिचित असलेल्या तंत्राशी तिचे साम्य आहे. कालव्यावर ठिकठिकाणी तपासणीसाठी व सफाईसाठी मोकळी तोंडे ठेवलेली होती, आणि शहरात पोचलेले पाणी खापरी नळांनी हौदांना व वस्तीला पुरविले जाई. या योजनेला लोक ‘नहर-ए-अंबरी’ म्हणतात. शहरातील पुढच्या काळातील नहरींना तिने पायंडा घालून दिला. नहर ही कलाकृती आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. मध्ययुगीन दख्खनमध्ये उद्यान, हौद, कारंजे व महाल यांची रचना पाण्याच्या आधारावरच होत असे. म्हणून जलयोजनेचा आश्रय आणि वास्तुकलेचा आश्रय यांच्यात रेषा आखणे त्या काळाला धरून होणार नाही.

खुलदाबाद येथील त्याची कबर ही या मालिकेतील शेवटची वास्तू. जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याच्या परिसरात उंच जोत्यावर घुमटाकृती कबर उभी आहे. दर्शनी भिंतींवर कमानींच्या आकाराचे कोनाडे आहेत. स्थळाची निवड अर्थपूर्ण आहे. खुलदाबाद ही सूफी संतांची भूमी; निजामशाहीतील व नंतरच्या काळातील प्रतिष्ठितांना तेथे चिरविश्रांती हवी असे. ज्याला वडिलांची कबर ठाऊक नव्हती, त्याने संताच्या सान्निध्यात स्वतःची जागा निश्चित केली. रोमच्या महामार्गांलगत दास्यमुक्तांनी बांधलेल्या कबरींवर नागरिकाच्या झग्यात कोरलेल्या त्यांच्या प्रतिमा आढळतात. तेथे नागरिकत्वाची खूण होती, येथे संताच्या शेजाराची. परंतु ‘आम्हीही येथलेच’ हे दोन्हीकडचे म्हणणे एकच आहे.

४

अंबर एकटा नव्हता. विजापूरच्या जामा मशिदीतील मिहराब दख्खनच्या रंगकामाचा एक उत्कृष्ट नमुना मानला जातो. कोनाडे, ग्रंथ, पात्रे व फुले यांच्या आभासी चित्रांनी आणि सुवर्णाक्षरांनी तो पूर्ण भरलेला आहे. हे अलंकरण महंमद आदिलशहाच्या कारकीर्दीत हिजरी १०४५ म्हणजे इ. स. १६३५-३६ मध्ये झाले, आणि तेथील लेखात याकूत दाबुली या व्यक्तीचे नाव येते. लेखात तो मशिदीचा सेवक व सुलतानाचा गुलाम म्हणविला गेला आहे. ‘दाबुली’ हे उपपद दाभोळ बंदराशी संबंध सुचविते. येथे सावधगिरीने वाचणे आवश्यक आहे. दरबारी लेखनात ‘गुलाम’ हा शब्द निष्ठेचा निदर्शक म्हणूनही येतो. त्यावरून कायदेशीर स्थिती दर वेळी ठरत नाही. तथापि राजाच्या नावाशेजारी अशा व्यक्तीचे नाव मिहराबात लिहिले जाणे, ही गोष्ट लहान नव्हे.

इब्राहीम रोझा या प्रसिद्ध वास्तूच्या लेखात मलिक संदल याचे नाव आढळते. तोही हबशी होता, असे मानण्यात येते. ही वास्तू त्याच्या खर्चाने उभी राहिलेली नाही. ती त्याच्या देखरेखीखाली पूर्ण झाली. म्हणून आश्रयदाता, व्यवस्थापक आणि कारागीर या तीन भूमिका अभ्यासकाने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अंबर हा पहिल्या अर्थाने आश्रयदाता होता. संदल दुसऱ्या वर्गातील. याकूत या दोहोंच्या सीमेवर उभा दिसतो. आदिलशाहीच्या उत्तरकाळात सिद्दी मसूद याने आदवानी येथे बांधलेली जामा मशीद मात्र पुन्हा पहिल्या वर्गात येते. दख्खनबाहेर अहमदाबादेतील सिद्दी सैयद याची मशीद, इ. स. १५७२-७३ मधील, हिचाही येथे उल्लेख करावयास हवा. तिच्या जाळीतील वृक्षाची कोरीव रचना जगप्रसिद्ध आहे. तिचा निर्माता गुजरातच्या सुलतानाच्या पदरी आलेला हबशी गुलाम होता.

कोकणात ही परंपरा जंजिऱ्याच्या सिद्द्यांपर्यंत पोचते. मुरूडनजीकच्या या जलदुर्गाच्या दरवाजापाशी हत्तींना पंजांत धरलेल्या पशूचे शिल्प आहे. किनाऱ्यावरील खोकरी गावात तीन दगडी घुमटी कबरी आहेत. त्यांतील सर्वांत मोठी सिद्दी सुरूलखानाची असून ती त्याने आपल्या हयातीतच बांधविली, असे सांगतात. उर्वरित दोन सिद्दी खैर्यतखान व मोगल आरमाराचा प्रमुख सिद्दी याकूतखान या बंधूंच्या मानल्या जातात. जंजिऱ्याचे सगळे सिद्दी मुक्त गुलाम होते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु तेथे दीर्घ काळ नेतृत्व पित्याकडून पुत्राकडे न जाता प्रमुख सिद्द्यांतून निवडले जाई. कुळापेक्षा कर्तृत्वाला मान देणारी ही रीत दास्याच्या पार्श्वभूमीतून आलेल्या समाजाशी सुसंगत आहे. ज्या समाजात वंशावळ दुबळी, त्यात कबर बलवान होते, हे खोकरीवरून दिसते.

५

आता लेखणीचा पक्ष पाहावा. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात अंबराचा उल्लेख त्याच्या वर्णाला उद्देशून हिणवणाऱ्या विशेषणांनी केला आहे. एवढ्यावर न थांबता त्याचा चित्रकार अबुल हसन याने इ. स. १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. त्यात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावरील अंबराच्या तुटलेल्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र आता डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. तो वृद्धापकाळी, अधिकारावर असतानाच मरण पावला. जे रणांगणात साधले नाही ते बादशहाने रंगात साधून घेतले. कलाश्रयाचा हाही एक उपयोग होय, आणि पेट्रोनियसच्या उपहासाशी त्याचे नाते आहे. मात्र अंबराच्या मृत्यूनंतर मोगल इतिहासकार मुतमदखान याने, तो गुलाम असला तरी युद्धकौशल्य, विवेक व कारभार यांत अद्वितीय होता, अशा आशयाची नोंद केली. शत्रू मेल्यावर शत्रूच्या पक्षालाही खरे बोलणे परवडले.

मोगलांनी खडकीवर केवळ चित्रातून सूड घेतला नाही. इ. स. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईनंतर त्यांच्या फौजेने हे नगर जाळले, आणि इ. स. १६२१ मध्ये ते पुन्हा उद्ध्वस्त झाले. अंबराने ते पुन्हा उभे केले. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फत्तेखान याने नगराला फत्तेनगर असे नाव दिले. हे कृत्य वरवर पाहता पुत्राचा अहंकार वाटते. परंतु अँप्लिआटसने सहा वर्षांच्या मुलाचे नाव मंदिरावर घातले, त्याच्या शेजारी हे ठेवून पाहावे. दास्यमुक्ताच्या घरात स्वतंत्र जन्मलेली पहिली पिढी ही स्वतःच एक स्मारक असते. हे स्मारक मात्र टिकले नाही. फत्तेखानाने इ. स. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले, आणि पुढे औरंगजेबाने नगराचे नाव बदलले. २०२३ मध्ये त्याला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले.

या विवेचनाला एक दुसरी बाजू आहे व ती टाळणे योग्य होणार नाही. अंबर मुक्त झाला, परंतु गुलामगिरीची व्यवस्था त्याने मोडली नाही. त्याने स्वतः हबशी गुलाम विकत घेऊन त्यांना लष्करी शिक्षण दिले. त्याच्या सैन्याचे ते एक प्रमुख अंग होते. रोममधील मुक्त दासही दासांचे धनी झाले, आणि त्यांच्या कबरींच्या लेखांत ‘आपल्या मुक्त दासदासींसाठी’ जागा राखून ठेवल्याचे शब्द येतात. म्हणजे एकाची मुक्ती हा अनेकांच्या मुक्तीचा पुरावा होत नाही. नहरीचे भुयार कोणाच्या हातांनी खणले, त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. दास्यमुक्त आश्रयदात्याविषयी आदर बाळगताना हे मौनही ऐकले पाहिजे.

असे असूनही एक गोष्ट उरतेच. दास्याची पहिली क्रिया म्हणजे नाव हिरावून घेणे. चापू हे नाव बगदादेत संपले आणि त्याच्या जागी एका सुगंधी द्रव्याचे, मालाच्या यादीत शोभणारे नाव आले. अंबराने ते टाकून दिले नाही, किंवा खोटी वंशावळ रचून झाकलेही नाही. ते नाव त्याच्या कारकीर्दीमुळे जमीनमोजणीच्या व सारापद्धतीच्या संदर्भात ‘मलिकंबरी’ म्हणून दप्तरात गेले, आणि त्याने आणलेल्या पाण्यामुळे लोकांच्या तोंडी राहिले. युरिसासेसने भटारखाना कोरला, अँप्लिआटसने मुलगा पुढे केला, याकूतने मिहराबात आपले बंदर जोडले. या सर्वांना अनुकरणखोर नवश्रीमंत म्हणणे म्हणजे धन्याच्या लेखणीलाच इतिहास समजणे होय. त्यांचा कलाश्रय ही उधळपट्टी नव्हती; ज्यांना पूर्वज नव्हते त्यांनी स्वतः पूर्वज होण्याचा तो मार्ग होता. नगराची नावे बदलत गेली. नहरीचे नाव मात्र अजूनही अंबराचेच आहे.